शेळीनं खाल्लेलं क्रियापद

वालूरच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी माझी ट्रंक अजून ओट्यावरच होती, आणि घरमालकीणबाईंनी दारातूनच विचारलं, "सर, च्या कसा पिता? कपानं का बशीनं?"

मी म्हणालो, "मी चहा घेत नाही."

त्यांनी हातातली किल्ली परत कमरेला खोचली आणि नवऱ्याकडं वळल्या. "आवो, खोली द्यायच्या आदी इचारलं कामून न्हाई?" आप्पांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, कमी ऐकू यायचं. ते माझ्याकडं पाहून हसले आणि म्हणाले, "हौ, हौ, उजेड लय येतो."

या गिरजाक्का. त्यांनी मला खोली दिली, पण सवलतीत दिल्यासारखी. पंधरा दिवसांनी मी दिवसाला तीन कप प्यायला लागलो तेव्हा कुठं त्या मला माणसांत धरू लागल्या. तोवर शेजारणींना माझी ओळख करून देताना त्या आवाज खाली आणून सांगत, "सायन्सचे सर हायत. तब्येतीनं जरा नाजूक हायत."

घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. वेळ चहावर चालायची. पहिला चहा पूजेआधी, दुसरा पूजेनंतर, तिसरा भाकरी झाल्यावर, चौथा आप्पा शेतातून आले की, पाचवा दिवेलागणीला. "सर, तिसऱ्या च्याला घरी या, धपाटे करायले," असं सांगितलं की आपण हिशोब करून साडेदहाला यायचं. एकदा ग्रामपंचायतीचा माणूस नळाची पाहणी करायला आला. पाणी किती वाजता येतं, असं त्यानं विचारलं. आक्का म्हणाल्या, "चौथ्या च्याला येतं आन् तुमी घोट घेस्तोर जातं." त्यानं मुकाट्यानं तसंच लिहून घेतलं.

चहा पिण्याची त्यांची रीत ठरलेली होती. कपातला चहा बशीत, बशीवर तीन फुंकरा, मग डोळे मिटून एक लांब घोट. त्याचा आवाज भिंतीपलीकडं माझ्या खोलीत यायचा आणि वह्या तपासताना मला तो ऐकून बरं वाटायचं. शेवटचा थेंब संपला की कप बशीवर उपडा. कप उपडा पडला म्हणजे काम झालं, आता बोला. बशीत घोटभर चहा ठेवून उठणारा माणूस त्यांना आवडत नसे. "बशीत च्या ठिवणं मंजी पावण्याला अर्ध्या वाटंतून माघारी धाडणं," असं त्या म्हणत. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी एकदा घरी घेऊन गेलो, तर साहेब अर्धा कप ठेवून उठले. आक्कांनी त्यांना ओट्यावरून हाक मारून परत बसवलं आणि उरलेला संपवायला लावला. माझा शेरा त्या वर्षी चांगला आला, कसा ते मला अजून कळलेलं नाही.

आक्कांच्या पुतणीला पाहायला जिंतूरचा मुलगा आला होता. नोकरी चांगली, माणसं सरळ. चहाचा ट्रे आला तेव्हा मुलगा म्हणाला, "मी फक्त ग्रीन टी घेतो." गिरजाक्का उठल्या, आत गेल्या आणि गरम पाण्यात तुळशीची चार पानं टाकून घेऊन आल्या. मुलगा बिचारा ते पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि कसा कोण जाणे, उपडा ठेवला. लग्न तिथंच जमलं. तेव्हापासून तो 'गवत्या जावई'. तोंडावर सुद्धा.

आता त्या कागदाची गोष्ट. आठवडी बाजारातून आप्पा मिरचीची भजी घेऊन आले, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली. गिरजाक्का चौथी शिकलेल्या. हातात पडलेला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय त्या चुलीत घालत नसत. भजी संपली, चहा ओतला आणि त्या अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागल्या. "नियमित च-हा पिणाऱ्या महिलांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका..."

आणि थांबल्या. कागद तिथंच फाटला होता.

"सर!" अशी हाक आली की गॅस सिलेंडर पेटला असावा असं वाटून मी पळत गेलो. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "पुढं काय असंल?"

"पुढं क्रियापद असणार, आक्का."

"ते काय असतंय?"

"म्हणजे वाढतो की कमी होतो, ते. मराठीत ते शेवटी येतं."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "बगा! शेवटपरेंत कळूच द्यायचं न्हाई, ही आपल्या भाषेची खोडच हाय." मग आप्पांकडं वळून त्या ओरडल्या, "आवो, उरलेला कागद कुठंय?"

आप्पांनी शांतपणे अंगणाकडं बोट केलं. त्यांनी तेलकट हात कागदाला पुसले होते, तुकडा टाकून दिला होता आणि शेजाऱ्यांची शेळी तो शेवटचा कोपरा चावत उभी होती. आक्का धावल्या, शेळीचा जबडा धरला, पण क्रियापद गेलं ते गेलंच. त्यानंतर आठवडाभर त्यांनी शेळीवर नजर ठेवली. एका संध्याकाळी तिला बशीत चहा पाजताना मी त्यांना पकडलं. "हिच्याच पोटात हाय ना ते किर्यापद," त्या म्हणाल्या, "बगू तरी काय होतंय हिला." शेळीला काहीही झालं नाही, फक्त ती रोज पाचव्या चहाला दारात येऊन उभी राहू लागली.

क्रियापद हा शब्द मात्र आक्कांना फार आवडला. आप्पा वाक्य अर्धं सोडून उठले की, "ह्यांच्या बोलण्याला किर्यापदच न्हाई," असं त्या सांगू लागल्या. तो कागद चहापत्तीच्या डब्याखाली गेला आणि त्यांच्या ओट्यावर दोन पक्ष पडले. ज्या सासवांना सुनांच्या हातची साखर वाचवायची होती त्या म्हणायच्या, धोका 'वाढतो' असंच असणार. सुना म्हणायच्या, 'कमी होतो'. दोन्ही पक्ष भांडताना मात्र आक्कांचाच चहा प्यायचे. शेवटी निवाडा माझ्याकडं आला. "सर सायन्सचे हायत, सर सांगतील." मी म्हणालो, वाचून सांगतो. आणि सांगितलं नाही.

याचं कारण लाज वाटते तरी सांगतो. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. मी दरवर्षी तो धडा आला की घसा खाकरायचो आणि म्हणायचो, "हा तुम्ही घरी वाचून घ्या, फार महत्त्वाचा नाही." मुली माना खाली घालायच्या, मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारायची आणि मी पुढच्या धड्यावर उडी मारायचो. अंडाशय हा शब्द मी फळ्यावर कधी लिहिला नव्हता. तो ओट्यावर बारा बायकांसमोर कसा उच्चारणार?

गिरजाक्कांना मात्र त्या शब्दाची भीती नव्हती. त्यांचा त्या शब्दाशी संबंधच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. घर पक्कं लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. "आमच्या सात पिढ्यांत कुणी अंडं शिवलं न्हाई," त्या ठणकावून सांगायच्या, "आमाला कुठला आलाय अंडाशय? ज्या खात्यात त्यांनी फिकीर करावी." ओट्यावरच्या अंडी खाणाऱ्या दोघीतिघी त्यावर गंभीर व्हायच्या. मी खोलीत वह्यांमागं तोंड लपवून हसायचो. इतका हसायचो की मला त्यातलं काही दुरुस्त करावंसं वाटलंच नाही.

पावसाळा सरला आणि आक्कांचं पोट जरा पुढं दिसू लागलं. "वात धरलाय," त्या म्हणाल्या. जेवायला बसल्या की चतकोर भाकरी खाऊन हात धुवायच्या. "च्यानं भूक मरते." रात्रीतून चार वेळा उठायच्या. "एवढा च्या पेल्यावर उठावं लागणारच की." सगळ्याचं खापर चहावर फुटत होतं आणि चहा कमी होत नव्हता. मीही एकदा म्हणालो, "आक्का, चहा पोटात साठवून ठेवताय का?" त्या खूप हसल्या. ते वाक्य आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो.

मग एके दिवशी तिसऱ्या चहाला त्यांनी बशी तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि बशी खाली ठेवली. चहा बशीत. कप सरळ.

शेळी आली आणि तिनं तो पिऊन टाकला. आप्पांना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. ते माझ्या दारात आले आणि या वेळी त्यांनी वाक्य अर्धं सोडलं नाही. "सर, हिनं बशीत च्या ठिवला."

मी म्हणालो, दवाखान्यात जाऊ. आक्का म्हणाल्या, वातावर ओवा चालतो. मी म्हणालो, पोटाची सोनोग्राफी करू, अंडाशयाचं काही असू शकतं. आक्का म्हणाल्या, "तुमाला किती बारी सांगितलं सर, आमी अंडं..."

तेव्हा मी खोलीत गेलो, दहावीचं पुस्तक आणलं आणि जो धडा मी कधी उघडला नव्हता तो उघडून त्यांच्यापुढं ठेवला. माझे कान तापले होते. चित्रावर बोट ठेवून मी सांगू लागलो की ही पिशवी, या दोन नळ्या, आणि टोकाला ही दोन अंडाशयं. "प्रत्येक बाईला जन्मापासून असतात, आक्का. खाण्याशी संबंध नाही."

"पाटलीणबाईला पण?"

"हो."

"मठातल्या माताजींना पण?"

"त्यांनाही."

आप्पा मागून वाकून चित्र न्याहाळत होते. "बैलाचं तोंड लय बेस काढलंय," ते म्हणाले. "शिंगं बगा कशी."

मला हसू आवरेना. आक्काही हसल्या, पदर तोंडाला लावून, पोट धरून. मग हसू थांबलं आणि त्या पदरातूनच म्हणाल्या, "मला लेकरू न्हाई, सर. चाळीस वर्सं झाली लग्नाला. मला वाटायचं, देवानं मला ते दिलंच न्हाई. मग अंडं खात न्हाई मणून न्हाई, आसं मणायला बरं पडतंय."

मी म्हणालो, "आहे, आक्का. दोन आहेत. त्याला बीजकोश पण म्हणतात."

त्यांनी परत चित्राकडं पाहिलं, बराच वेळ. "बियाण्याची पिशवी," त्या म्हणाल्या. "आसं आदी सांगायचं की मग. चला, कवाची हाय एसटी?"

परभणीला तपासणीआधी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. आक्कांनी खिडकीतल्या बाईला विचारलं, "पाणीच कामून? पिशवीतून थर्मास आणलाय मी." ती बाई नको म्हणाली. मग त्या पाण्याचा एकेक ग्लास शिक्षा भोगल्यासारखा प्यायल्या. गाठ दिसली, उजव्या बाजूला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. ऑपरेशन करावं लागेल आणि गाठ काढून तपासल्याशिवाय ती कसली ते सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. काही विचारायचं आहे का, असंही विचारलं.

गिरजाक्कांनी कनवटीतून तो तेलकट कागद काढला आणि टेबलावर पसरला. "एवढं किर्यापद सांगा."

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "आजी, यावर पुष्कळांनी शोध घेतलाय. काहींना चहा पिणाऱ्या बायकांत धोका थोडा कमी दिसला, काहींना काहीच फरक दिसला नाही. नक्की कुणालाच सांगता येत नाही. चहामुळं हे झालं असं मनात आणू नका, आणि चहा पिते म्हणून मला होणार नाही असंही धरून बसू नका. पोट सारखं फुगतंय, भूक जातेय, तर दाखवायला यायचं, एवढंच नक्की."

बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, "मंजी मोठ्या पुस्तकातलं पण शेळीनंच खाल्लंय."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं गळ्यातलं लिंग काढून द्यायला सांगितलं. "त्ये काढायचं आसंल तर मला आदी पुरा," आक्का म्हणाल्या, "मग काढा." अर्धा तास बोलणी चालली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ते दंडाला बांधून वरून स्वच्छ पट्टी गुंडाळायची परवानगी दिली. आत जाताना आक्कांनी मान वळवली. मला वाटलं, आता आप्पांना काही तरी सांगतील. त्या म्हणाल्या, "सर, शुद्धीवर आल्या आल्या च्या देत्यात का, इचारून ठिवा." दार बंद झालं आणि आप्पा बाकावर बसून रडले. मी त्यांचा हात धरून बसलो आणि मलाही रडू आलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण फार पसरली नव्हती. पुढं सहा महिने औषधाच्या सलाइनी झाल्या, केस गेले. "डोक्याला वारं लय ग्वाड लागतंय, आदी माहीत असतं तर कवाच काढले असते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्रास झाला तो एकाच गोष्टीचा. चहाला चव येईना. "खिळे उकळल्यावानी लागायलाय," त्या म्हणायच्या. तरी पाचही चहा व्हायचे. लोकांनी प्यायचे आणि कप उपडे करायचे, आक्का बघत बसायच्या. एका दिवशी त्यांनी सवयीनं एक घोट घेतला आणि डोळे उघडले. "आलं," त्या म्हणाल्या. काय आलं ते विचारायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात तीन बायका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काय काम, विचारलं तर एकमेकींना ढकलायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "आक्काच्या दाराला लिवलंय." मी जाऊन पाहिलं. तो तेलकट कागद भाताच्या खळीनं दाराला चिकटवला होता आणि जिथं तो फाटला होता तिथं, लाकडावरच, खडूनं दोन शब्द लिहून वाक्य पुरं केलं होतं. नियमित चहा पिणाऱ्या महिलांना अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका *सर सांगतील.*

व्याकरणात कुठं चूक नव्हती. मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं. घाम फुटला, पण सांगितलं. त्यांतल्या एकीला मी आणि आक्का परभणीला घेऊन गेलो. तिला काही निघालं नाही. आक्कांनी त्या आनंदात एसटीच्या कंडक्टरला थर्मासमधला चहा पाजला.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. गिरजाक्का त्यानंतर तीन वर्षं होत्या. मग दुखणं उलटलं. बातमी आप्पांनी फोनवर दिली. त्यांना पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून ते फोनवर फक्त बोलतात आणि ठेवून देतात. "सर, आक्का गेली. दुसरा च्या झाल्यावर गेली. कप उपडा हाय." एवढंच. मी इकडून बराच वेळ बोलत राहिलो, बंद फोनवर.

पण माझ्या डोळ्यांपुढं आक्का येतात त्या बदली व्हायच्या आधीच्या महिन्यातल्या. दहावीचा वर्ग, आणि तोच धडा. मी कधी नव्हे तो फळ्यावर चित्र काढलं होतं. शेवटच्या बाकावर, मुलींच्या शेजारी, नुकत्या उगवलेल्या केसांवरून पदर घेऊन गिरजाक्का थर्मास मांडीवर धरून बसल्या होत्या. हेडमास्तरांची परवानगी त्यांनी स्वतःच काढली होती, बहुधा चहा पाजून. मी खडू घेतला, "मुलींनो, अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणं वेळेवर..." एवढं म्हणालो आणि पुढच्या बाकावरचा एक पोरगा फिसकन हसला. हात आपोआप पुस्तकाचं पान उलटायला गेला.

"सर," मागून आवाज आला, "किर्यापद खाऊ नका."

सगळा वर्ग हसला, तो पोरगाही. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी थर्मासच्या टोपणातला चहा संपवला, टोपण बाकावर उपडं ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसल्या. मी पान परत मागं उलटलं आणि वाक्य पूर्ण केलं.